दहांची शर्यत, दोघांची कादंबरी

निवडणुकीवरची कादंबरी वाचायला घेतली की माझ्या मनात एक शंका हमखास डोकावते. कादंबरीत उमेदवार दोनच का असतात? एक म्हातारा, एक तरुण. एक मुरलेला, एक भाबडा. एक माडीवरचा, एक झोपडीतला. अशी जोडी एकदा जमली की कादंबरीकाराचे अर्धे काम फत्ते झाले. प्रत्यक्षातल्या मतपत्रिकेवर मात्र नावांची ही लांबलचक रांग असते. त्यांतल्या पहिल्या दोघांची कादंबरी होते आणि उरलेल्यांची अनामत जप्त होते. ही शंका मी बरीच वर्षे मनात बाळगून होतो. मध्यंतरी अमेरिकेतल्या एका जुन्या निवडणुकीची हकीकत आणि तिच्या आगेमागे निघालेल्या दोन गाजलेल्या कादंबऱ्या लागोपाठ वाचण्याचा योग आला, आणि शंकेची तक्रार झाली. ती तक्रार मी येथे मांडणार आहे. आरोपींच्या यादीत माझेही नाव आहे, हे आधीच सांगून टाकतो.

निवडणूक १९४६ सालची, बॉस्टन शहर आणि त्याच्या आसपासची. तिला तिकडे ‘प्रायमरी’ म्हणतात. प्रायमरी म्हटले की आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांपुढे पाटी-पेन्सिल आणि बाहीला नाक पुसणारी पोरे उभी राहतात. पण ही प्रायमरी निराळी. आपल्याकडे पक्षाचे तिकीट कोणाला द्यायचे हे चार वजनदार मंडळी बंद खोलीत ठरवतात, आणि सकाळी वर्तमानपत्र उघडल्यावर आपल्याला कळते. अमेरिकेतही एके काळी तसेच चाले. पण विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या लोकांना या बंद खोल्यांचा उबग आला. १९०३ साली विस्कॉन्सिन राज्याने कायदा केला, आणि मग ती पद्धत देशभर पसरत गेली: पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांनी नव्हे, मतदारांनीच मते देऊन निवडायचा. ही घरातली निवडणूक म्हणजे प्रायमरी. तीत जो जिंकेल तो मग समोरच्या पक्षाशी खरी निवडणूक लढवणार. जिथे एकाच पक्षाचे वर्चस्व असते तिथे ही घरातली निवडणूक हीच खरी. नोव्हेंबरातली नुसती उपचारापुरती.

अमेरिकेच्या काँग्रेसचे कनिष्ठ सभागृह आपल्या लोकसभेसारखे असते. तिथल्या जागेवर एखादा सदस्य घट्ट बसलेला असला की त्याच्याच पक्षातले सहसा कोणी त्याच्या वाटेला जात नाही. पण तो उठून गेला, जागा मोकळी झाली, की वर्षानुवर्षे दबा धरून बसलेले सगळे एकदम बाहेर पडतात. वडीलधारे माणूस बाहेर पडल्याबरोबर त्याच्या आरामखुर्चीवर घरातल्या साऱ्या पोरांनी एकाच वेळी उडी घ्यावी, तसा तो देखावा असतो. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अकराव्या मतदारसंघात १९४६ मध्ये हेच झाले. जेम्स मायकेल कर्ली या पुढाऱ्याने काँग्रेसमधली आपली जागा सोडली आणि तो बॉस्टनचा महापौर झाला. हा कर्ली म्हणजे एक अजब वल्ली होता. गरीब आयरिश लोकांचा कैवारी, वक्ता नामी, आणि कायद्याशी त्याचे सख्य बेताचेच. १९४७ साली महापौरपदावर असतानाच तो टपालातल्या फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जाऊन आला. त्याने सोडलेल्या जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत दहा जण उभे राहिले.

या दहांत केंब्रिजचे महापौरपद भूषवलेला मायकेल नेव्हिल होता. चार्ल्सटाउनचा जॉन कॉटर होता. नॉर्थ एंड या इटालियन वस्तीच्या जोरावर उभा राहिलेला, बॉस्टनच्या नगरमंडळातला जोसेफ रुसो होता. युद्धात स्त्रियांच्या सैन्यदलात मेजरच्या हुद्द्यावर काम केलेली कॅथरीन फॉल्वी होती; ती आपला लष्करी गणवेश चढवून प्रचाराला निघे. आणि एकोणतीस वर्षांचा, हाडकुळा, पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला एक तरुण होता. मतदारसंघात त्याचे स्वतःचे घर नव्हते; बॉस्टनच्या एका हॉटेलातली खोली हाच त्याचा पत्ता. त्याचे नाव जॉन केनेडी.

पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे, म्हणूनच त्या वेळी काय झाले ते नीट पाहिले पाहिजे. नेव्हिलचे बळ केंब्रिजमध्ये, कॉटरचे चार्ल्सटाउनमध्ये, रुसोचे नॉर्थ एंडमध्ये. प्रत्येक जण आपापल्या आळीत राजा आणि आळीच्या बाहेर परका. केनेडीच्या माणसांनी हिशेब मांडला तो असा, की ज्या आळीत दुसऱ्याचे राज्य आहे तिथे आपण निदान दुसरे तरी यायचे. वर्गावर शिकवणाऱ्याला यातली मेख चटकन कळेल. भाषेत एक मुलगा पहिला येतो, गणितात दुसरा, इतिहासात तिसराच कोणी. पण जो मुलगा सगळ्या विषयांत दुसरा आहे त्याचीच बेरीज सर्वांत मोठी भरते. १८ जून १९४६ रोजी मतदान झाले. केनेडीला २२,१८३ मते पडली, नेव्हिलला ११,३४१. केनेडीचा विजय दणदणीत म्हटला गेला, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जवळजवळ दुप्पट मते म्हणजे तो तसा होताही. पण एकूण मतांत त्याचा वाटा सुमारे ४२ टक्के होता. शंभरांतल्या अठ्ठावन्न जणांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिले होते. नोव्हेंबरात त्याने प्रतिपक्षाच्या उमेदवाराला ६९,०९३ विरुद्ध २६,००७ असे लोळवले. ते ठरलेलेच होते. निकाल जूनमध्ये लागून गेला होता.

या हकीकतीत कादंबरीकाराला हवे असलेले सारे काही आहे. आईचे वडील जॉन फिट्झजेराल्ड बॉस्टनचे माजी महापौर, वडिलांचे वडील ईस्ट बॉस्टनचे दारूचे दुकानदार आणि पुढारी. वडील कोट्यधीश, पोराला आपण साबणाच्या चुऱ्यासारखा बाजारात खपवू, असे ते म्हणाल्याचे सांगतात. थोरला भाऊ १९४४ साली युद्धात मारला गेलेला. चार्ल्सटाउनच्या एका सभेत मुलगा गमावलेल्या आया समोर बसल्या होत्या. भाषण संपता संपता हा तरुण अडखळत म्हणाला, की तुमचे दुःख मला थोडेफार कळते, कारण माझी आईही तुमच्यातलीच आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी बंकर हिलच्या मिरवणुकीत तो मैलोगणती चालला आणि शेवटी कोसळला. केंब्रिजच्या कमांडर हॉटेलात त्याच्या आईवडिलांनी चहापान ठेवले, त्याला दीड हजारांच्या आसपास बायका नटूनथटून आल्या.

आणि त्या मतपत्रिकेवर आणखी एक नाव होते, तेही जोसेफ रुसोच. खरा रुसो नगरमंडळातला. हा दुसरा रुसो तोवर कोणाला फारसा माहीत नव्हता. इटालियन मते फोडण्यासाठी केनेडीच्या गोटानेच त्याला उभा केला, असे पुढे चरित्रकारांनी लिहिले. ही युक्ती मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पडले, आणि त्यांच्याच नावा-आडनावाच्या एका अपक्षाच्या पदरात नऊ हजारांवर मते पडली होती, हे आपण वाचलेले आहे. बॉस्टनच्या दुसऱ्या रुसोला आठशेच्या आसपास मते मिळाली. ती सगळी पहिल्या रुसोच्या पदरात टाकली असती तरी केनेडीचा केसही वाकडा होत नव्हता. म्हणजे ही लबाडी होती, आणि अनावश्यक होती.

आता वाङ्मयाकडे वळतो. या निवडणुकीत वाङ्मय हे नुसते साक्षीदार नव्हते, तेही प्रचारात उतरले होते. युद्धात, ऑगस्ट १९४३ मध्ये, केनेडीची लहानशी लढाऊ नौका जपानी विनाशिकेच्या धडकेने दुभंगली. दोघे बुडाले, अकरा वाचले. एका भाजलेल्या सोबत्याच्या जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडी तासन् तास पोहत राहिला आणि त्याला बेटावर घेऊन गेला. जॉन हर्सी या लेखकाने ही हकीकत ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात जून १९४४ मध्ये लिहिली, आणि ‘रीडर्स डायजेस्ट’ने तिचा संक्षेप छापला. प्रायमरीच्या धामधुमीत त्या लेखाच्या प्रती हजारोंनी घरोघर पोचवण्यात आल्या. लेख प्रामाणिक आहे. हर्सी हा लेचापेचा लेखक नव्हता. त्याच १९४६ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमावरचा त्याचा दीर्घ लेख प्रसिद्ध झाला आणि जग हादरले. पण प्रामाणिक लेख पत्रक म्हणून दारात येऊन पडला की त्याचा अर्थ पालटतो. समुद्रावर वाचलेली अकरा माणसे होती. पत्रकात एकच उरतो. लेखातली एकही ओळ न बदलता त्याची जाहिरात करता येते, ही गोष्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने उशाशी ठेवावी अशी आहे. पाण्यातला एकटा वीर एका बाजूला आणि उरलेले नऊ दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी त्या पत्रकाने करून टाकली. तिथूनच शर्यतीची कादंबरी होऊ लागली.

दहा वर्षांनी, १९५६ साली, एडविन ओ’कॉनरची ‘द लास्ट हुर्रा’ प्रसिद्ध झाली. शहराचे नाव कादंबरीत दिलेले नाही, पण ते बॉस्टनच आहे हे बॉस्टनमध्ये कोणालाही सांगावे लागले नाही. बहात्तर वर्षांचा महापौर फ्रँक स्केफिंग्टन शेवटची निवडणूक लढवतो आणि हरतो, एवढीच कथा. स्केफिंग्टन म्हणजे कर्ली, हे सर्वांनी ओळखले, खुद्द कर्लीनेही. पुढच्याच वर्षी त्याने आत्मचरित्र काढले, त्याचे नाव ‘मी पुन्हा तेच करीन’ अशा अर्थाचे होते. कादंबरीत मरणशय्येवरचा स्केफिंग्टन नेमके याच अर्थाचे काही बोलतो, हे वाचकाच्या ध्यानात आल्याशिवाय राहत नाही.

ही कादंबरी मला अतिशय आवडली, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलायला मी मोकळा. तिच्यातला नॉको मिनिहानच्या मृत्यूचा प्रसंग केवळ अप्रतिम आहे. हा मिनिहान हयातीत कोणालाही नकोसा झालेला माणूस. त्याच्या घरी समाचाराला चिटपाखरू फिरकणार नाही, हे ओळखून स्केफिंग्टन स्वतः तिथे जातो, आणि महापौर आले म्हटल्यावर गावातले झाडून सारे कार्यकर्ते लोटतात. समाचाराची बघता बघता राजकीय बैठक होते. पण विधवेला मात्र वाटते, आपल्या माणसाला केवढा मान मिळाला! जाता जाता तो अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याला दम भरून त्याचे बिलही उतरवतो. हा चांगुलपणा की मतांची बेगमी? दोन्ही, आणि दोहोंमधली रेघ स्वतः स्केफिंग्टनलाही दाखवता येणार नाही. इतके खरे राजकारण मी फार थोड्या कादंबऱ्यांत पाहिले आहे.

पण समोरचा माणूस पाहा. केव्हिन मॅक्लस्की तरुण, देखणा, युद्धावरून आलेला, आणि आतून अगदी पोकळ. दूरचित्रवाणीवर तो बायको-मुले घेऊन बसतो. शेजारी एक कुत्रा, तोही भाड्याने आणलेला. वाचक हसतो, आणि लेखकाला तेच हवे आहे. म्हातारा सिंह आणि मातीचे बाहुले, अशी जोडी त्याने लावली आहे. बाकीची माणसे या जोडीच्या भोवती फिरतात. शेवटी स्केफिंग्टन का हरला याची मीमांसाही एका तरुण पात्राच्या तोंडून येते: रूझवेल्टच्या काळात सरकारच लोकांना पेन्शन आणि मदत देऊ लागले, मग पुढाऱ्याच्या दारात कोण जाणार? जुने राजकारण गेले आणि नवे आले.

ही मीमांसा ऐटदार आहे, पण १९४६ च्या प्रायमरीशी ती ताडून पाहिली की तिचे टाके उसवतात. तिथे नवा माणूस जिंकला तो कशाच्या बळावर? आजोबांच्या नावावर, बापाच्या पैशावर, मेलेल्या भावाच्या आठवणीवर. तिमजली चाळींचे जिने चढून, दारोदार हात मिळवून, बायकांना चहा पाजून, आणि एक दुसरा रुसो मतपत्रिकेवर असताना. जुन्या राजकारणाचे कोणते हत्यार यात नाही? नवी पिढी आपला नेता पुढे करीत आहे, अशी त्याची घोषणा होती. घोषणा तेवढी नवी. जुन्या आणि नव्यामध्ये ओ’कॉनरने जी भिंत उभी केली ती त्याच्या शहरात नव्हतीच. ती कादंबरीत आली कारण द्वंद्वाला भिंत लागते. दोन माणसे समोरासमोर उभी केली की त्यांच्यामधून दोन युगे वेगळी करण्याचा मोह कादंबरीकाराला आवरत नाही. दहा जण असते तर कोणते युग कोणाचे, हे सांगताना त्याची तारांबळ उडाली असती. आणि तारांबळ हेच तिथले सत्य होते.

कोणी म्हणेल, गुरुजी, कादंबरी म्हणजे निवडणूक आयोगाचे निकालपत्रक नव्हे. दहा उमेदवार वाचकाने लक्षात कसे ठेवायचे? हा आक्षेप मला पटत नाही. एकत्र कुटुंबावरच्या आपल्या कादंबऱ्यांत वीस-वीस माणसे असतात, आणि आपल्या घरातल्या वाचक बायकांना कोणती जाऊ कोणाची हे पानोपान ठाऊक असते. गर्दी लिहिता येते. प्रश्न आहे तो आपल्याला गर्दीतले कोण दिसते, हा.

रॉबर्ट पेन वॉरन या अमेरिकन कवी-कादंबरीकाराला ते दिसले होते. त्याची ‘ऑल द किंग्ज मेन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली तीही १९४६ सालीच, बॉस्टनच्या प्रायमरीनंतर थोड्याच दिवसांनी, आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. राज्य दक्षिणेकडचे, नाव न घेतलेले. जागा काँग्रेसची नव्हे, गव्हर्नरची. पण प्रायमरी तीच आणि गणितही तेच. विली स्टार्क हा खेड्यातला साधा माणूस. गावच्या शाळेची इमारत बांधताना निकृष्ट विटांचे कंत्राट दिले जाते, त्याला तो विरोध करतो आणि आपले लहानसे पद गमावून बसतो. त्याची शिक्षिका बायकोही नोकरीला मुकते. पुढे त्याच शाळेचा जिना कोसळतो, मुले मरतात, आणि लोकांच्या लक्षात येते की विली खरे बोलत होता. शाळेत आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला ती पाने सहज वाचवत नाहीत.

मग एक दिवस शहरातली बडी माणसे विलीच्या दारी येतात: तुम्ही गव्हर्नरपदाला उभे राहा, राज्याला तुमची गरज आहे. विली हुरळतो. आकडेवारीने भरलेली कंटाळवाणी भाषणे तो गावोगाव देत फिरतो. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की लढत दुसऱ्या दोघांची आहे. खेड्यातली मते एकाकडे जाऊ नयेत म्हणून ती फोडायला त्याला उभे केले आहे. तो उमेदवार नाही, पाचर आहे. प्रचारातल्या एका बाईच्या तोंडून ही गोष्ट निसटते. आयुष्यात दारूला न शिवलेला विली त्या रात्री प्यायला बसतो. दुसऱ्या दिवशी उतरत्या नशेत तो सभेत उभा राहतो, लिहून आणलेले भाषण बाजूला टाकतो, आणि समोरच्या शेतकऱ्यांना सांगतो, की मला तुमच्यासारखाच मूर्ख बनवले गेले आहे. माझ्या मते निवडणुकीवरच्या साऱ्या लेखनात हा प्रसंग सर्वांत खरा आहे. कारण इथे प्रथमच लेखक जिंकणाऱ्याच्या किंवा हरणाऱ्याच्या खांद्यावर बसून नव्हे, तर नुसत्या उभ्या केलेल्याच्या डोळ्यांनी शर्यत पाहतो. मते फोडणे हा आपल्याला डावपेच वाटतो; ज्याच्याकरवी ती फोडली जातात त्याला काय वाटत असेल, हे विचारण्याचे सुचले ते वॉरनला.

पुढे मात्र वॉरनही वाट सोडतो. विली सत्तेवर येतो, हुकूमशहा बनतो, आणि कादंबरी पुन्हा एका थोर माणसाच्या उदयास्ताची होते. तिथे ती भव्य आहे, यात वादच नाही. पण पाचर ठोकून घेणाऱ्या माणसाची कादंबरी मात्र त्या प्रसंगाबरोबर संपते. विली पाचर राहिला असता, निकालानंतर घरी परतला असता, दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मीठमिरची घेताना लोकांच्या नजरा चुकवत उभा राहिला असता, तर? ते पुस्तक अजून कोणी लिहिलेले नाही.

आता माझ्यावरचा आरोप. माझ्या एका कादंबरीत गावच्या निवडणुकीचे प्रकरण आहे. ज्या निवडणुकीवरून मला ते सुचले तिच्यात एका वॉर्डातून सात जण उभे होते. मी दोघांना ठेवले आणि पाचांना काट मारली. प्रकरण रंगले, चार लोकांनी पत्रे धाडून वाखाणले. मग एके संध्याकाळी त्या पाचांतला एक जण, सुतारकाम करणारा, शाळेचे बाक दुरुस्त करायला आला. काम आटोपून हात पुसत म्हणाला, “गुरुजी, पुस्तक वाचलं. झक्क झालंय. पण आम्ही पाच जण त्यात कुठं आहोत?” मी म्हणालो, “अरे, कादंबरीत सगळ्यांना कसं आणता येईल?” तो म्हणाला, “ते खरं. पण एकशे बारा लोकांनी मला मत दिलं होतं, गुरुजी.” एवढे बोलून त्याने रंधा पिशवीत टाकला आणि तो निघून गेला. टीकाकारांनी माझ्या पुस्तकांवर बरेच काही लिहिले आहे, परंतु त्याचा तो आकडा मला अजून टोचतो. ती एकशे बारा माणसे मी पुसून टाकली होती, आणि माझ्या वाचकांना सांगितले होते की गावाने दोघांतून एकाला निवडले.

द्वंद्वाच्या कादंबरीतला खरा दोष हाच. ती आपल्याला शिकवते की लोकांनी कौल दिला. दोनच माणसे असली तर एकाला निम्म्याहून अधिक मते पडणारच, तेव्हा त्याला कौल म्हणणे रास्त आहे. पण दहांच्या गर्दीत जो निघतो तो कित्येकदा बहुतेकांनी न मागितलेला असतो. आणि हे काही १९४६ बरोबर संपलेले नाही. २०१८ साली मॅसॅच्युसेट्सच्याच तिसऱ्या मतदारसंघात मोकळ्या जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत पुन्हा दहा जण होते. लोरी ट्रेहान या बाई फेरमोजणीनंतर १४५ मतांनी जिंकल्या. त्यांचा वाटा २२ टक्क्यांहूनही कमी होता.

अशाच एका गर्दीत मराठी माणूसही होता. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, ज्यांचे ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल, ते २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून अशाच प्रायमरीला उभे राहिले. मतपत्रिकेवर नऊ नावे होती. ठाणेदारांनी स्वतःचा अमाप पैसा ओतला, आणि २८ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन ते जिंकले. आपल्याकडे त्याचे कौतुक झाले, मलाही आनंद झाला. बेळगावच्या गल्लीतून अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत, ही गोष्ट कोणाला आवडणार नाही? पण तिची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेले शहर, आणि १९५५ पासून त्या शहराचा निदान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये सतत असे. त्या निवडणुकीनंतर एकही राहिला नाही. ठाणेदारांनी काही नियमबाह्य केले असे नव्हे. नियम सर्वांना सारखाच होता. पण बाकीच्या आठांना मते देणाऱ्या शंभरांतल्या बहात्तर जणांची गोष्ट, बेळगावच्या मुलाची गोष्ट सांगताना, आपण कोणीच सांगितली नाही. ती सांगितली असती तर त्यांचा विजय लहान झाला नसता. आपली समजूत तेवढी मोठी झाली असती.

यावर उपाय शोधणारेही आहेत. टेक्सास, जॉर्जिया अशा दक्षिणेकडच्या राज्यांत प्रायमरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिल्या दोघांची पुन्हा लढत लावतात. मेन राज्याने २०१८ पासून निराळीच रीत घेतली: मतदाराने आपल्या पसंतीचे क्रम लिहायचे, आणि तळाचा उमेदवार गळाला की त्याची मते त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीला जायची. सुताराच्या त्या एकशे बारा जणांना अशा पद्धतीत निदान विचारले तरी जाते, की तुमचा माणूस गेला. आता तुमचे म्हणणे काय? कायदे करणे हे माझे काम नव्हे. पण कायद्याला सुचलेली ही गोष्ट कादंबरीला सुचू नये, याची मला लाज वाटते.

‘द लास्ट हुर्रा’ आणि ‘ऑल द किंग्ज मेन’ या दोन्ही कादंबऱ्या जरूर वाचाव्यात. पहिलीत समाचाराचे घर आहे, दुसरीत भरसभेत बाजूला टाकलेले भाषण आहे. त्या दोन प्रसंगांसाठी दोन्ही संग्रही ठेवण्याजोग्या आहेत. मात्र वाचून झाल्यावर बॉस्टनच्या त्या मतपत्रिकेवरची दहा नावे मनाशी आठवून पाहावीत. त्यांतल्या दुसऱ्या रुसोला आठशेच्या आसपास माणसांनी मत दिले. काहींनी चुकून दिले असेल. काहींनी कदाचित जाणूनबुजूनही. तो त्या रात्री निकाल ऐकायला कुठे बसला होता, आणि घरी गेल्यावर बायकोला काय म्हणाला, हे एकाही चरित्रकाराने सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघेल अशी प्रकाशकांना फारशी आशा नाही. पण निघालीच, तर ते प्रकरण मी पुन्हा लिहिणार आहे. उमेदवार सात असतील. रंग थोडा उणा पडला तरी चालेल. बाक दुरुस्त करायला तो पुन्हा येईल तेव्हा त्याच्या हातात पुस्तक देऊन पान कोणते ते मला दाखवता आले पाहिजे.